इतरांचा माल चालतो, मग माझाच का काढला?

ऑनलाइन लिलावाच्या साइटवर जुन्या वस्तू विकणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. आरसा, कंगवा आणि ब्रश असा जुना प्रसाधनाचा संच त्यांनी 'फ्रेंच आयव्हरी' या नावाने लिलावाला लावला. साइटने तो 'हस्तिदंत, प्रतिबंधित वस्तू' असा शेरा मारून काढून टाकला. त्याच दिवशी तसेच संच, त्याच नावाने, इतर विक्रेते बिनबोभाट विकत होते. चिडून यांनी नाव जरा फिरवून तोच संच पुन्हा पुन्हा लावला. मग भावाच्या नावाने दुसरं खातं उघडलं. शेवटी दोन्ही खाती बंद झाली आणि आधी विकलेल्या मालाचे पैसेही अडकले. यावर काही महिने गेल्यानंतर ते विचारतात, 'हा उघड भेदभाव आहे. समान वागणुकीसाठी दावा लावता येईल का?'

चाकू, औषधं, नाण्यांच्या प्रतिकृती, काहीही असो, वस्तू बदलते पण तक्रार हीच असते. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दावा लावता येईल का, यापेक्षा तो कशावर लावणार हे महत्त्वाचं. 'इतरांचं चालतं' या मुद्द्यावर लावणार असाल तर लावू नका. खातं उघडताना तुम्ही ज्या करारावर 'मान्य' म्हणून टिचकी मारलीत, तो आता तरी उघडा आणि शेवटाकडची किरकोळ वाटणारी कलमं वाचा. एखाद्याच्या नियमभंगावर साइटने कारवाई केली नाही, म्हणून तशाच दुसऱ्या नियमभंगावर कारवाई करण्याचा तिचा हक्क जात नाही, अशा अर्थाचं कलम तिथे बहुधा सापडेल. ईबे या मोठ्या लिलाव-साइटच्या करारात तर प्रत्येक उल्लंघनावर कारवाई होईलच याची हमी आम्ही देत नाही, असंही लिहिलेलं आहे. तुमच्या साइटचे शब्द वेगळे असतील, पण असं कलम नसलेला मोठ्या साइटचा करार विरळाच. त्या एका वाक्यात तुमचा अर्धा दावा संपतो. इतरांच्या लिलावांचे जे चाळीस स्क्रीनशॉट तुम्ही जोडलेत, त्यांच्यावर साइटचा वकील तेवढंच वाक्य वाचून दाखवेल.

समानतेच्या हक्काचं म्हणाल, तर तो सर्वसाधारणपणे सरकारविरुद्ध मागायचा असतो, खाजगी कंपनीविरुद्ध नाही. आणि सरकारविरुद्धसुद्धा, दुसऱ्याला चुकून मिळालेली सूट मलाही द्या असं म्हणता येत नाही, हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे.

मला वाईट याचं वाटतं की तुमच्या हातात खणखणीत मुद्दा होता आणि तुम्ही तो मांडलाच नाही. 'फ्रेंच आयव्हरी' हा हस्तिदंत नव्हेच. ते सेल्युलॉइड, म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून केलेलं जुनं प्लास्टिक. हस्तिदंतासारखं दिसावं म्हणून त्यात बारीक रेषा मुद्दाम घातलेल्या असत. आरशाची मूठ भिंगाखाली धरा. सेल्युलॉइडवरच्या रेषा सरळ, एकमेकींना समांतर आणि फार नेटक्या दिसतात. हत्तीच्या दाताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. मूठ बोटाने जोरात चोळली तर बऱ्याचदा कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कोणी देईल. तो मुळीच ऐकू नका, सेल्युलॉइड झटकन पेट घेतं.

तेव्हा तुमची तक्रार 'इतरांना सोडलं, मला धरलं' अशी नको होती. 'माझी वस्तू बंदीच्या यादीत बसतच नाही' अशी हवी होती. पहिल्या तक्रारीला वर सांगितलेलं कलम आडवं येतं. दुसरीला येत नाही, कारण तिथे नियमभंगच झालेला नाही.

ही गफलत का होते तेही सांगतो. साइटची तपासणी मुख्यतः शीर्षकातले शब्द, फोटो आणि लोकांनी केलेल्या तक्रारी यांवर चालते. ईबेने २००९ पासून हस्तिदंतावर बंदी घातली, तरी खरा हस्तिदंत 'बैलाचं हाड' अशा नावाखाली विकला जातच राहिला. म्हणजे लबाडी करणारा निसटतो आणि ज्याने सेल्युलॉइडला त्याच्या रूढ नावाने हाक मारली तो सापडतो. हा अन्याय आहे, आणि तो वर्षानुवर्षं चालू आहे याचा मला संताप येतो. पण तुमचा विशिष्ट निर्णय चुकीचा होता हे दाखवल्याशिवाय यातलं काहीही तुमच्या उपयोगी पडणार नाही.

आता उशिराबद्दल. पहिली सूचना आली त्याच आठवड्यात अपील करायला हवं होतं. तेव्हा तुमच्याविरुद्ध एक चुकीचा निर्णय होता, बस्स. तोच माल पुन्हा लावून आणि दुसरं खातं काढून तुम्ही दोन खरे नियमभंग स्वतःच्या हाताने तयार केलेत. खाती बहुधा त्यांमुळेच बंद झाली असणार, संचामुळे नव्हे. बंदीची सूचना पुन्हा वाचून कारण नेमकं काय दिलंय ते पाहा. पत्रासोबत ती सूचनाच नाही, जी सगळ्यात आधी जोडायला हवी होती.

तुमचा करार कोणत्या देशातल्या कंपनीशी आहे, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. ते कराराच्या सुरुवातीलाच असतं आणि पुढचं बरंचसं त्यावर ठरतं. युरोपीय संघात असाल तर स्थिती सर्वांत बरी. तिथला डिजिटल सेवा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू आहे. साइटने निर्णयाची कारणं द्यायची, निर्बंध काळजीपूर्वक, वस्तुनिष्ठपणे आणि प्रमाणात लावायचे, आणि अंतर्गत तक्रारीसाठी निर्णयापासून किमान सहा महिने द्यायचे. त्या तक्रारीचा निकाल केवळ यंत्रावर सोपवता येत नाही. लहान कंपन्यांना अंतर्गत तक्रारीच्या या नियमांतून सूट आहे. तुमचे सहा महिने संच काढल्यापासून कदाचित उलटले असतील, पण खातं बंद होणं हा वेगळा निर्णय आहे. त्याची तारीख आजच पाहा. व्यावसायिक विक्रेत्याची सेवा पूर्ण बंद करण्यापूर्वी तीस दिवस आधी कळवावं असाही तिथे २०१९ चा नियम आहे. मात्र विक्रेत्याने वारंवार अटी मोडल्याचं साइटने दाखवलं, तर ही मुदत लागू होत नाही. तुम्ही पुन्हा पुन्हा लावलेला संच इथे आडवा येतो.

अमेरिकी कायद्याखाली असाल तर फार आशा धरू नका. १९९६ च्या कायद्यातलं कलम २३० सद्भावनेने मजकूर काढणाऱ्या साइटला मोठं संरक्षण देतं, शिवाय करारात बहुधा लवादाची, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी खाजगी पंचासमोर नेण्याची, अट असते. भारतात साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाता येतं. त्याच्या उत्तराने समाधान झालं नाही तर सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे जायला तीस दिवस असतात. ती समिती तुमचं प्रकरण घेईल की नाही, हे कागद पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.

न्यायालयाचा रस्ता मी शेवटचा धरेन. साध्या पैशाच्या दाव्यालाही जिथे वर्षं लागतात, तिथे एका प्रसाधन संचासाठी उभं राहणं परवडत नाही.

अडकलेल्या पैशांचं पत्र मात्र स्वतंत्र लिहा. माल पोचला, खरेदीदाराची तक्रार नाही, तर ती रक्कम किती काळ अडवायची याला करारात काही मर्यादा असेल. ते कलम नमूद करून विक्रीनिहाय यादी द्या आणि मागणी करा. त्यात हस्तिदंताचा आणि भेदभावाचा विषय काढू नका.

खात्याच्या अपिलात पहिल्या परिच्छेदात वस्तू सेल्युलॉइडची आहे एवढंच लिहा. सोबत मुठीचे जवळून काढलेले फोटो जोडा, आणि जमलं तर जुन्या वस्तूंच्या जाणकाराचा लेखी अभिप्रायही. दुसऱ्या परिच्छेदात भावाच्या नावाचं खातं तुम्हीच उघडलं होतं हे सांगून टाका; त्यांना ते माहीत आहेच. इतर विक्रेत्यांचे स्क्रीनशॉट पाठवू नका. उत्तर येईपर्यंत कोणाच्याही नावाने तिसरं खातं उघडू नका. आलेलं उत्तर, बंदीची सूचना आणि कराराची त्या तारखेची प्रत हाती आली की मग वकिलाकडे जा.