वाचक विचारतात : पॅक-१२ का मोडली, आणि पुढची उलथापालथ कधी?

अमेरिकेतील कॉलेज खेळांमध्ये विद्यापीठं एक कॉन्फरन्स सोडून दुसरीत का जातात, यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडले आहेत. पॅक-१२ (पश्चिम किनाऱ्याची), बिग टेन, बिग १२, एसईसी आणि एसीसी (अटलांटिक कोस्ट) ही मोठ्या कॉन्फरन्सची नावं. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल.

प्रश्न : स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) ही पॅसिफिक किनाऱ्यावरची विद्यापीठं ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये कशी काय? कॉन्फरन्स म्हणजे शेजारच्या विद्यापीठांचा गट ना?

होता तसाच. प्रवास आटोपशीर राहावा, वर्ग बुडू नयेत, जुनी चुरस टिकावी म्हणून जवळची विद्यापीठं एकत्र खेळत. १९८४ पर्यंत फुटबॉलचं प्रक्षेपण एनसीएए ही देशव्यापी संस्थाच विकायची आणि एखादा संघ किती वेळा टीव्हीवर दिसेल हेही तीच ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ही पद्धत बेकायदा ठरवली. हक्क विद्यापीठांच्या हाती आले. एकट्याने विकण्यापेक्षा गठ्ठ्याने विकलं तर भाव जास्त मिळतो, म्हणून विक्रीचं काम हळूहळू कॉन्फरन्सकडे गेलं. (मोठा अपवाद नोटर डेम विद्यापीठाचा : फुटबॉलमध्ये ते स्वतंत्र आहेत आणि १९९१ पासून त्यांचे घरचे सामने एनबीसीवर दिसतात.) विक्री कॉन्फरन्सच्या हाती गेल्यावर सभासद निवडताना अंतरापेक्षा प्रेक्षक मोजले जाऊ लागले.

प्रश्न : न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाचा फुटबॉल संघ काही बलाढ्य नव्हता. तरी बिग टेनने त्यांना का घेतलं?

केबलसाठी. बिग टेनने २००७ मध्ये फॉक्सच्या भागीदारीत स्वतःची वाहिनी काढली. अशा वाहिनीला केबल कंपनी दर ग्राहकामागे दरमहा शुल्क देते, मग तो ग्राहक सामने बघो वा न बघो. ज्या राज्यात कॉन्फरन्सचा सभासद आहे तिथे हे शुल्क एक डॉलरच्या आसपास, बाहेर मात्र काही सेंट. समजा, नव्या सभासदामुळे ५० लाख घरं वरच्या दरात आली, तर वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलर वाढतात. २०१४ मध्ये रटगर्समुळे न्यूयॉर्कची आणि मेरीलँडमुळे वॉशिंग्टनची बाजारपेठ खुली झाली.

हे गणित आता जुनं झालं. लोक केबल तोडू लागले तसा घरांच्या संख्येपेक्षा थेट प्रेक्षक खेचणारा सामना महाग झाला. म्हणूनच नंतरच्या लाटेत टेक्सस, ओक्लाहोमा, यूएससी (लॉस एंजेलिसचं सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) अशी मोठी नावं हलली.

प्रश्न : जास्त पैसे मिळत असतील तर विद्यापीठ लगेच का निघून जात नाही? दंड भरला की झालं.

दंड ही लहान अडचण आहे. खरी बेडी म्हणजे ‘ग्रँट ऑफ राइट्स’ हा करार. त्यात विद्यापीठ आपल्या घरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क ठरावीक तारखेपर्यंत कॉन्फरन्सच्या नावे करून देतं. सभासदत्व सोडलं तरी हक्क मागेच राहतात. ज्याचे घरचे सामने विकता येत नाहीत, असा सभासद नव्या कॉन्फरन्सच्या वाहिनीला काय कामाचा?

टेक्सस आणि ओक्लाहोमाने २०२१ च्या जुलैमध्ये एसईसीत जायचं ठरवलं, पण बिग १२ मधला त्यांचा हा करार २०२५ च्या मध्यापर्यंत होता. फक्त एक वर्ष आधी सुटायला दोघांना मिळून १० कोटी डॉलर मोजावे लागले. वाटाघाटीही लांबल्या, कारण बिग १२ चे सामने ईएसपीएन आणि फॉक्स या दोन्ही वाहिन्यांकडे होते आणि एसईसीचे एकट्या ईएसपीएनकडे जाणार होते. तोटा होता फॉक्सचा, त्यामुळे त्यांची संमती मिळवणं भाग होतं.

उलट यूएससी आणि लॉस एंजेलिसचंच यूसीएलए यांनी ३० जून २०२२ ला बिग टेनमध्ये जाण्याची घोषणा केली ती २०२४ साठी. पॅक-१२ चे टीव्ही करार त्याच वर्षी संपत होते. मुदत संपली, हक्क मोकळे झाले.

प्रश्न : शंभरहून जास्त वर्षांची परंपरा असलेली पॅक-१२ एका उन्हाळ्यात कशी विस्कटली?

एका उन्हाळ्यात नाही. पाया २०१२ मध्येच कच्चा राहिला. पॅक-१२ ने आपली वाहिनी पूर्णपणे स्वतःच्या मालकीची ठेवली : एक राष्ट्रीय आणि सहा प्रादेशिक. नफा वाटून द्यावा लागणार नाही, हा विचार ऐकायला बरा होता. पण मोठी प्रक्षेपण कंपनी भागीदार असली की ती आपल्या इतर लोकप्रिय वाहिन्यांच्या जोरावर केबलवाल्यांना ही वाहिनी घ्यायला लावते. पॅक-१२ कडे तो जोर नव्हता. डायरेक्टीव्ही या मोठ्या सॅटेलाइट टीव्ही कंपनीने ही वाहिनी शेवटपर्यंत घेतली नाही.

मग यूएससी आणि यूसीएलए जाणार हे ठरलं आणि लॉस एंजेलिसची बाजारपेठ हातची गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस, एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, ७०० कोटी डॉलरहून मोठा करार केला. बिग १२ चा करार पॅक-१२ नंतर एक वर्षाने संपत होता, तरी ऑक्टोबरमध्ये त्यांनी पुढे घुसून ईएसपीएन आणि फॉक्सकडून सहा वर्षांसाठी सुमारे २२८ कोटी डॉलर पदरात पाडून घेतले. आमच्या मते खरा निर्णायक क्षण हा. दोन मोठ्या गिऱ्हाइकांचं बजेट आणि शनिवारच्या वेळा त्यात भरून गेल्या.

२७ जुलै २०२३ ला कोलोरॅडो बिग १२ मध्ये गेलं. ऑगस्टच्या सुरुवातीला पॅक-१२ च्या हाती उरला तो ॲपलचा प्रस्ताव, आणि त्यात मिळकत किती ग्राहक वर्गणी भरतील यावर अवलंबून होती. ४ ऑगस्टला ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये. सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी स्टॅनफर्ड आणि कॅलला एसीसीने घेतलं. मागे राहिले ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. खेळात ते कमी पडले नव्हते. त्यांची गावं लहान होती, एवढंच.

प्रश्न : नव्या सभासदाला जुन्यांइतकाच वाटा मिळतो का?

करारात ‘प्रो राटा’ कलम असेल आणि नवा सभासद त्यात बसत असेल, तर वाहिनी त्याच्यापुरते पैसे वाढवून देते. जुन्यांचा वाटा कमी होत नाही. तसं नसेल तर नव्याला घासाघीस करावी लागते. ऑरेगन आणि वॉशिंग्टनने कमी वाट्यावर बिग टेन पत्करली. एसीसीला ईएसपीएनकडून नव्यांसाठी पूर्ण रक्कम मिळणार होती, तरी स्टॅनफर्ड आणि कॅलने पहिली सात वर्षं सुमारे ३० टक्क्यांवर होकार दिला आणि त्यांच्यासोबत आलेल्या एसएमयूने (डॅलसचं सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ) नऊ वर्षं टीव्हीच्या पैशावर पाणी सोडलं. वाचलेली रक्कम जुन्या सभासदांकडे वळली.

प्रश्न : पुढची उलथापालथ कधी?

बातमीतल्या अफवांपेक्षा करारांच्या तारखा पाहा. बिग टेनचा करार २०३० च्या मध्यात संपतो, बिग १२ चा त्यानंतर वर्षभराने, एसईसी-ईएसपीएनचा २०३४ मध्ये, एसीसीचा २०३६ मध्ये. एसीसीचं दार मात्र आधीच किलकिलं झालं आहे. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसनच्या दाव्यांवर मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. बाहेर पडण्याची किंमत १६.५ कोटी डॉलरवरून दरवर्षी १.८ कोटींनी उतरत २०३०-३१ मध्ये ७.५ कोटींवर येते, आणि ती भरणाऱ्याला आपले प्रक्षेपण हक्कही सोबत नेता येतात. शिवाय टीव्हीच्या मूळ रकमेपैकी ६० टक्के आता प्रेक्षकसंख्येनुसार वाटले जातात. उतरती किंमत आणि बिग टेनच्या कराराचा शेवट एकाच सुमारास येतो. २०३० च्या आसपासचे दिवस अस्वस्थ असतील.

प्रश्न : व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींना या पैशाचा काय उपयोग?

पैसे सगळ्या खेळांच्या खर्चाला लागतात, हे खरं. पण फुटबॉलचा संघ हंगामात डझनभर सामने खेळतो, तेही बहुतेक शनिवारी. व्हॉलीबॉलचे सामने आठवड्याच्या मधल्या वारीही असतात आणि संख्येने दुपटीहून जास्त. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सी म्हणजे तीन तासांचा कालभेद आणि चार हजार किलोमीटरांच्या आसपासचं उड्डाण. त्याच आठवड्यात परीक्षाही असते. वेळापत्रक करणारे एकाच दौऱ्यात दोन प्रतिस्पर्धी उरकून हा त्रास थोडा कमी करतात. आम्हाला पटणारा उपाय फुटबॉलची कॉन्फरन्स वेगळी ठेवून बाकी खेळ जवळच्या गटात खेळवण्याचा आहे. ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटने २०२४ पासून दोन हंगामांसाठी नेमकं हेच केलं : बास्केटबॉलसह अनेक खेळ वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये, फुटबॉल मात्र दोघांच्याच उरलेल्या पॅक-१२ मध्ये. त्यांना ते नाइलाजाने करावं लागलं, पण व्यवस्था चालते हे दिसलं.