अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा असिस्टंट कोच कसं होता येतं?

तुमचा मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये एमएस करतोय, इथे विद्यापीठाच्या संघातून खेळलाय आणि आता तिथल्या कॉलेज संघाचा असिस्टंट कोच व्हायचं म्हणतोय. वाट कशी असते, असं तुम्ही विचारलंय. मी नागपूरचा, गेली अकरा वर्षं याच कामात आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. या जागांच्या जाहिराती निघतात, पण बहुतेक वेळा कुणाला घ्यायचं हे हेड कोचच्या डोक्यात आधीच ठरलेलं असतं. तो आपल्या ओळखीतला, कामाला पारखलेला माणूस घेतो. त्यामुळे मुलगा कुणाच्या हाताखाली राबतो, यावर पुढचं जवळजवळ सगळं अवलंबून आहे. विद्यापीठ किती नावाजलेलं, हे त्यानंतर.

शिरकाव कसा होतो ते माझ्यावरून सांगतो. तिथल्या महिला संघांना सरावात समोर खेळायला मुलगे लागतात. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली आम्ही खेळून दाखवायच्या. पैसे नाहीत, पण कोचच्या डोळ्यांसमोर रोज दोन तास. एकदा मला अशा गार्डची, म्हणजे चेंडू हाताळणाऱ्या खेळाडूची भूमिका दिली, जी स्क्रीन लागला (सहकाऱ्याने प्रतिस्पर्ध्याची वाट अडवली) की डावीकडेच जायची. मी रात्री बसून तिचे तीन सामने पाहिले. ती क्वचित उजवीकडे वळली, तरी स्वतः शॉट घेत नव्हती, पासच देत होती. सकाळी असिस्टंट कोचला सांगितलं, तर तिने ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात व्हिडिओच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली.

तिथून मी ग्रॅज्युएट असिस्टंट झालो, म्हणजे मास्टर्स करता करता संघाचं काम. शिक्षणाची फी माफ आणि थोडा भत्ता. मग व्हिडिओ कोऑर्डिनेटर, मग असिस्टंट. काही जण ऑपरेशन्सच्या जागेवरून येतात, म्हणजे बस, हॉटेल, जेवण, सरावाचं वेळापत्रक सांभाळणारे. 2023च्या जुलैपासून डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळातल्या सर्वात वरच्या गटाच्या, संघांना आणखी दोन असिस्टंट नेमायची मुभा मिळाली. त्यांना कोर्टवर शिकवता येऊ लागलं, पण खेळाडू निवडायला बाहेर जाण्याची परवानगी मात्र तेव्हा असिस्टंटपैकी फक्त तिघांनाच होती. या दोन जागांमुळे माझ्यासारख्या कित्येकांना व्हिडिओच्या खोलीतून कोर्टवर यायला मिळालं.

पैशाचं स्पष्ट सांगतो, कारण ती काळजी तुम्हाला असणारच. सुरुवातीला फार कमी मिळतात. पुढे नामवंत कोच झालेले रॉय विल्यम्स 1978 साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात अर्धवेळ असिस्टंट झाले, तेव्हा घर चालवायला ते कॅलेंडरं विकत. दहा वर्षांनी ते कॅन्सस विद्यापीठाचे हेड कोच झाले. 1990च्या दशकात तर एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, एका असिस्टंटच्या पगारावर वर्षाला 16,000 डॉलरची मर्यादाच घातली होती. कोच मंडळी कोर्टात गेली, 1998 साली अपिलातही जिंकली आणि पुढच्या वर्षी 54.5 दशलक्ष डॉलरची भरपाई ठरली. आज बड्या विद्यापीठांत असिस्टंटला भरपूर पगार आहे, पण तिथे पोचेपर्यंतची वर्षं ओढाताणीचीच असतात.

आणि वर चढण्याचा ठरावीक काळ नाही. टॉमी लॉइड गोंझागा विद्यापीठात दोन दशकं हेड कोच मार्क फ्यू यांच्या हाताखाली होते. 2021 साली अ‍ॅरिझोनाने त्यांना हेड कोच नेमलं आणि पहिल्याच हंगामात संघाने 33 सामने जिंकले. बिल गथ्रिज नॉर्थ कॅरोलायनात हेड कोच डीन स्मिथ यांच्याजवळ तीस वर्षं राहिले, 1997 साली हेड कोच झाले आणि तीन वर्षांत दोनदा फायनल फोर (राष्ट्रीय स्पर्धेतले शेवटचे चार संघ) गाठून निवृत्त झाले. कनेक्टिकटच्या महिला संघात क्रिस डेली 1985पासून हेड कोच जीनो ऑरिएम्मांच्या सोबत आहेत. मला डेलींचं उदाहरण सर्वात प्रिय आहे. असिस्टंट म्हणून अख्खं आयुष्य घालवणं हेही पूर्ण करिअर आहे, असं मी मनापासून मानतो.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. हेड कोच गेला की सहसा त्याची माणसंही जातात. माझ्या दुसऱ्या नोकरीत मार्चमध्ये शेवटचा सामना हरलो, आणि दोन दिवसांनी सकाळी ऑफिसच्या दाराला माझं कार्ड लागेना. आतल्या माणसाने दार उघडलं, तेव्हा आमची खोकी भिंतीशी रचून ठेवली होती. घरी बायकोला सांगताना मला शब्द सुचत नव्हते. एप्रिलमध्ये फायनल फोरच्या वेळी कोच लोकांचं अधिवेशन भरतं. तिथे हॉटेलच्या लॉबीत चार दिवस उभा राहिलो. नोकरी मिळाली ती त्याच जुन्या असिस्टंटमुळे, जिने ते वहीत लिहून घेतलं होतं. ती तोवर हेड कोच झाली होती.

व्हिसाचं असं की, विद्यापीठाच्या नोकरीला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी आड येत नाही. पण पदवीचा कोचिंगशी संबंध दाखवावा लागतो. माझी मास्टर्स क्रीडा व्यवस्थापनाची होती, म्हणून निभावलं. तुमच्या मुलाची कॉम्प्युटरची आहे, तेव्हा त्याने आकडेवारी आणि व्हिडिओ विश्लेषणाच्या अंगाने शिरावं. आता ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे खेळाडूंना विद्यापीठ बदलता येणाऱ्या सोयीमुळे, दर वसंतात अर्धा संघ बदलू शकतो. शेकडो खेळाडूंची माहिती दोन-तीन आठवड्यांत चाळून देणारा माणूस प्रत्येक हेड कोचला हवा असतो.

त्याला सांगा, हंगाम सुरू व्हायची वाट पाहू नकोस. स्वतःच्याच विद्यापीठाच्या महिला संघाच्या ऑपरेशन्सवाल्यांना या आठवड्यात ईमेल कर, सरावात खेळायला येऊ का विचार. पात्रतेचे कागद करायला वेळ लागतो. आणि विद्यापीठ कुठल्या डिव्हिजनचं आहे ते मला इथे कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.