रुळांलगतच्या वस्तीत गॅसची मालगाडी उलटली तर काय होतं?

तुम्ही विचारलंय की सोसायटी रुळांना खेटून आहे, खिडकीतून रोज टाक्यांची मालगाडी जाताना दिसते. अशी गाडी भर वस्तीत उलटून माणसं गेल्याचं खरं उदाहरण आहे का, आणि आपण कितपत घाबरायचं?

उदाहरण आहे. इटलीतलं व्हियारेज्जो. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या मालडब्यांच्या देखभालीत झाली, त्यामुळे या अपघाताबद्दल मिळेल ते वाचत आलोय.

व्हियारेज्जो हे टस्कनीच्या किनाऱ्यावरचं, कार्निव्हलसाठी नावाजलेलं शहर. 29 जून 2009 च्या रात्री, बाराच्या थोडं आधी, एलपीजीच्या 14 टाक्यांची मालगाडी स्टेशनातून न थांबता निघाली होती. वेग मर्यादेच्या आतच होता. पहिल्याच डब्याचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, तुटला आणि त्या डब्यासकट पाच डबे आडवे झाले. भोक पडलं ते फक्त एका टाकीला. बाकीच्या तेरा शाबूत राहिल्या. त्या एका टाकीतल्या गॅसने 32 माणसं गेली.

गाडी उलटली की लगेच स्फोट होतो असं आपण सिनेमात बघतो. तिथे तसं झालं नाही. एलपीजी टाकीत दाबाखाली द्रवरूपात असतो. बाहेर पडला की एका लिटरचा साधारण अडीचशे लिटर गॅस होतो आणि तो हवेपेक्षा जड असल्याने वर उडून न जाता जमिनीलगत पसरतो. पांढरं धुकं पाण्यासारखं उताराकडे, गटारात, तळमजल्यात शिरतं. जूनची उकाड्याची रात्र, घरोघर खिडक्या उघड्या. रुळांलगतच्या व्हिया पोंकिएल्ली या गल्लीतल्या घरांत गॅस आधी शिरला आणि ठिणगी नंतर पडली. मधे मिळाली ती मोजकी मिनिटं. तेवढ्यात दोन्ही इंजिनचालक गाडी सोडून पळाले, एका भिंतीआड झाले आणि वाचले. गल्लीतले बरेचसे लोक झोपेत होते. काही घरं पार कोसळली. मृतांपैकी कित्येक जण त्या रात्री गेलेच नाहीत. भाजलेल्या अवस्थेत इटलीभरच्या रुग्णालयांत झुंजून पुढच्या दिवसांत, आठवड्यांत गेले.

आता अ‍ॅक्सलकडे येतो, कारण माझ्या मते हा अपघात त्या रात्रीचा नव्हताच. अ‍ॅक्सल 1974 साली पूर्व जर्मनीत बनलेला. गंजाच्या खड्ड्यातून बारीक भेग सुरू झाली आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर वाढत गेली. लोखंड असं थकतं. वरून डबा अगदी ठणठणीत दिसतो. 2008 मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या एका कार्यशाळेत त्याचं ओव्हरहॉल, म्हणजे संपूर्ण तपासणी-दुरुस्ती, झालं, मग तो इटलीत आणून या डब्याखाली बसवला. तपासातल्या तज्ज्ञांचं म्हणणं, ओव्हरहॉलच्या वेळी ती भेग सापडायलाच हवी होती. अ‍ॅक्सल खरवडून, स्वच्छ करून, अल्ट्रासोनिकचा प्रोब (ध्वनिलहरींनी धातूच्या आत बघायचं उपकरण) नीट फिरवला तर अशी भेग स्क्रीनवर वेगळा ठोका देते. पण हे काम कंटाळवाणं असतं. शंभर अ‍ॅक्सल चांगले निघाले की एकशे एकाव्याला हात आपोआप सैल पडतो. ज्याने हे काम केलंय त्याला वेगळं सांगायला नको.

टाकी कशाने फाटली यावरही कोर्टात बरीच वर्षं घासाघीस चालली. एक बाजू म्हणे रुळांशेजारी वळणाची आखणी दाखवायला ठोकलेल्या लोखंडी खुंटीने, दुसरी म्हणे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या काट्याजवळच्या रुळाने. वाद वरवर किरकोळ वाटतो, पण खुंटी म्हटली की ती तिथे ठेवणाऱ्यावर बोट जातं. 2017 मध्ये लुक्काच्या न्यायालयाने इटालियन रेल्वेचे माजी प्रमुख माउरो मोरेत्ती यांच्यासह अनेकांना दोषी ठरवलं; मोरेत्तींना 7 वर्षांची शिक्षा झाली. 2021 मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कामाच्या जागेवरील सुरक्षेचे नियम मोडल्याचा मुद्दा इथे लागू होत नाही. तो मुद्दा गळाला आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या आरोपाची मुदतच संपून गेली. रेल्वे अपघात घडवल्याचा आरोप मात्र राहिला आणि खटला पुढे चालू राहिला. तारीख पे तारीख आपल्याकडेच असते असं समजू नका.

आपल्याकडे? जुलै 2025 मध्ये तमिळनाडूत तिरुवळ्ळूरजवळ डिझेलची मालगाडी घसरली, 18 टाक्या जळाल्या, पण कोणी दगावलं नाही. डिझेल सांडलं तर बहुतेक तिथल्या तिथे जळतं, गॅससारखं घरात चालत येत नाही. म्हणून तुमच्या खिडकीतून दिसणाऱ्या डब्यावरची अक्षरं वाचा. बीटीपीएन लिहिलं असेल तर पेट्रोल-डिझेलसारखं द्रव इंधन, बीटीपीजीएलएन असेल तर एलपीजी. आपल्याकडेही ओव्हरहॉलला अ‍ॅक्सलची अल्ट्रासोनिक तपासणी होते, आणि यार्डात रेक, म्हणजे डब्यांची अख्खी गाडी, येताना दोन्ही बाजूंना माणसं उभी राहून चाकं बघतात, आवाज ऐकतात. त्याने गरम झालेलं बेअरिंग किंवा लोंबणारा ब्रेक सहसा सापडतो. आतली भेग सापडत नाही, ती कार्यशाळेतच धरायची असते.

घर विकायची गरज नाही. रोजच्या हिशेबात स्टेशनवर रूळ ओलांडणं याहून कितीतरी धोक्याचं. पण कधी रुळांच्या बाजूने गॅसचा उग्र वास आला किंवा जमिनीलगत धुकं दिसलं, तर दिव्याचं बटण दाबू नका, चालू असेल तर बंदही करू नका. लिफ्ट नको, स्कूटर चालू करणं नको, गॅलरीत उभं राहून व्हिडिओ तर नकोच. जिन्याने उतरा आणि वारा ज्या दिशेने येतोय तिकडे, पण धुकं टाळून, उंचवट्याकडे चालत सुटा. 112 ला फोन तिथे पोचल्यावर करा. आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये एक विचारा: रुळांकडची बाजू सोडून बाहेर पडायला दुसरं गेट आहे का, आणि रात्री त्याची किल्ली कोणाकडे असते?