लाल रंग घेताना ट्यूबची मागची बाजू वाच

'नैसर्गिक म्हणजे टिकाऊ' हे आधी डोक्यातून काढ. मॅडर या झाडाच्या (आपल्या मंजिष्ठेची चुलत बहीणच) मुळांपासून केलेला लाल पातळ थरात आतून उजळल्यासारखा दिसतो, पण उजेडात उडतो. कृत्रिम म्हणून पक्का, असंही नाही. त्याच मुळातलं अलिझरिन हे लाल रंगद्रव्य ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी 1868 मध्ये प्रयोगशाळेत बनवलं. त्यापासूनचा अलिझरिन क्रिमझन (ट्यूबमागचा रंगद्रव्याचा कोड पीआर 83, पीआर म्हणजे पिगमेंट रेड) पांढऱ्यात मिसळला की फिका पडतो. माझ्या एका चित्रातलं गुलाबी लुगडं असंच विटून गेलं, आणि चूक माझीच. शिवाय तेलात तो वाळतोही सावकाश.

त्याच्या जागी पीव्ही 19 (पीव्ही म्हणजे पिगमेंट व्हायोलेट) म्हणजे क्विनाक्रिडोन घे. छटा थोडी वेगळी, जरा थंड. चिमूटभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी मातीरंग) घातलं की जवळ येतं.

हिंगूळ नको. पाऱ्याचं सल्फाइड ते. विषारी, वर कधीकधी काळवंडतं. झाकणारा भगवट लाल हवा तर कॅडमियम रेड, पीआर 108. महाग आहे. वाळलेला थर मात्र पॉलिश पेपरने कोरडा घासू नकोस, धूळ छातीत जाते. ट्यूबवर 'ह्यू' लिहिलं असेल तर आत बहुधा दुसरंच काही असतं.

आणि गेरू विसरू नकोस! मातीतलाच, स्वस्त, तरी उन्हाला दाद न देणारा.

शंका आली तर पट्टी रंगव, अर्धी फॉइलने झाक आणि उन्हाच्या खिडकीत चार महिने ठेव.