वणव्याच्या दिवसांत सातपुड्यात सायकल घेऊन निघणाऱ्यास

प्रिय दोस्ता,

तू पाठवलेला फोटो काल रात्री दोन-तीनदा उघडून पाहिला. रावेरकडून दिसणारा काळाकभिन्न सातपुडा आणि त्याच्या खांद्यावर माळ घातल्यासारखी लाल रेघ. खाली तुझा प्रश्न : "आग वरच्या धारेवर आहे. आपण खालच्या नाल्यानं जामन्याकडे निघून जाऊ. चालेल ना?"

नाही चालणार. या रविवारी जाऊ नकोस. पण नुसतं 'नको' म्हटलं तर तू मान डोलावशील आणि पुढच्या मार्चात मला न सांगता निघशील. तुझ्या वयात मी तेच केलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

होळीच्या सुमाराला आपलं जंगल कसं असतं ते तू पाहिलं आहेस. सागाची पानं घोट्याइतकी साचलेली, उन्हानं कडा वळलेली, अंगणात ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घातल्यात असं वाटावं. सलई, धावडा उघडेबोडके. मधल्या मोकळ्या जागी कमरेइतकं वाळलेलं गवत. इथला वणवा बहुतेक जमिनीवरूनच पळतो, शेंड्यांपर्यंत क्वचित जातो. लांबून पाहिलं तर गुडघाभर ज्वाळा दिसतात आणि माणसाला वाटतं, एवढीशी तर आग आहे. सपाटीवर ती खरंच माणसाच्या चालीनं चालते. चढ लागला की पळत सुटते, कारण ज्वाळा वरच्या पानांवर झुकते आणि पोचायच्या आधीच त्यांना तापवून ठेवते. चढ साधारण दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट धरावा, असा आग विझवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. आता तू ज्या नाल्यातून जाणार म्हणतोस तो आठव. दोन्ही बाजूंना उभे उतार, मध्ये चिंचोळी वाट. खालून आग लागली तर तो नाला म्हणजे धुराडं. आणि वरच्या धारेवरची आग खाली येत नाही असं समजू नकोस. पेटलेले ओंडके गडगडत खाली येतात आणि नाल्याच्या बुडाशी नवी आग लावतात. मग तू त्या दोन आगींच्या मधे.

वाऱ्याचंही वेळापत्रक असतं. ऊन चढलं की उतार तापतात आणि वारा खोऱ्यातून वर चढू लागतो. संध्याकाळनंतर तो उलटा, डोंगरावरून खाली उतरतो. पहाटे सगळं थंड, धूर धुक्यासारखा खोऱ्यात बसलेला. त्या वेळी आग विझल्यासारखी दिसते. ती फक्त पडून असते, अकराच्या सुमाराला उठते. मी फसलो तो नेमका यातच.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. पाल गावाच्या पुढे सुकी नदीच्या खोऱ्यात सकाळी सातला शिरलो होतो. एका पाड्यावर एक म्हातारे मोहाची फुलं वेचत होते. त्यांनी पाणी दिलं, समोरच्या डोंगराकडे हात केला आणि म्हणाले, "आगीकडं पाहू नको भाऊ, वारा पाह्य." मी हो म्हटलं आणि पुढे गेलो. अकरा वाजले असतील. हँडलवर काहीतरी अलगद येऊन पडलं. सागाचं अर्धं पान. सगळं काळं, फक्त शिरा लाल, जिवंत. बोट लावलं तर राख झाली. किती सुंदर, म्हणून मी थांबून पाहत राहिलो. ते पान मला सांगत होतं की वारा आगीकडून थेट माझ्याकडे येतोय. मला ते वाचता आलं नाही.

पाच मिनिटांत बांबूची पेरं फुटायचे बार ऐकू आले आणि मी घाबरून पॅडल मारलं ते वरच्या दिशेनं. आगही वरच जाणार होती. चढावर आपण बसल्या जागेपेक्षा कितीतरी पट जास्त हवा आत घेतो, म्हणजे धूरही तितकाच. दोन वळणांत डोळ्यांपुढे अंधारी आली. उपरणं ओलं करून तोंडाला बांधलं होतं, पण धुरातला विषारी वायू कापडानं गाळला जात नाही. तुझ्या त्या मास्कनंही जात नाही. बारीक कण अडतात, वायू नाही. शेवटी सायकल वळवली आणि मघाशी ओलांडलेल्या जळक्या पट्ट्यात ओढत नेली. जमीन काळी, गरम, पण जळायला काही उरलं नव्हतं. एका खडकावर पाऊण तास बसून राहिलो. आग बाजूनं निघून गेली. गरम राखेनं मागची ट्यूब फुटली होती. जर्सी पॉलिएस्टरची, तिच्यावर ठिणगी पडली आणि कापड वितळून कातडीला चिकटलं. माझ्या खांद्यावरच्या डागाबद्दल तू मागे विचारलं होतंस. तो त्या दिवसाचा.

तेव्हा डोंगरात जाशील त्या दिवशी सुती शर्ट घाल. धुराचा खांब सरळ उभा असेल तर वारा नाही. वाकला असेल तर कुठे वाकलाय ते बघ, आणि तुझ्याकडे असेल तर तिथूनच परत फीर. अंगावर राखेचं एक फूल पडलं तरी परत. पुढे जाताना मागची जळकी, उघडी किंवा खडकाळ जागा डोक्यात ठेव, दर अर्ध्या तासाला नवी. जळक्या पट्ट्यातही बुंध्याशी थांबू नकोस. आतून जळत राहिलेलं झाड आवाज न करता पडतं, आणि मुळं जळून गेलेल्या जागी राखेखाली पोकळी असते, चाक त्यात आख्खं जातं. घरी आल्यावर चेन पूर्ण धुऊन मगच तेल लाव. राख आणि तेल मिळून पॉलिशपेपरसारखं चेनचक्राचे दात खातात.

मोबाइलवरच्या आगीच्या ठिपक्यांवर फार विसंबू नकोस. भारतीय वन सर्वेक्षणाचे इशारे उपग्रहावरून येतात आणि ते चांगलं काम आहे. पण उपग्रह दिवसातून मोजक्या वेळाच वरून जातो, आणि त्याचा एक ठिपका चांगल्या उपकरणातही सुमारे 375 मीटर लांबी-रुंदीचा असतो. तुझा नाला त्या एका ठिपक्यात मावतो. शिवाय डोंगरात रेंज नाही. पाड्यावरचा माणूस सकाळी जे सांगेल ते ताजं असतं. कुठून जातोय आणि किती वाजता परत येणार, हेही त्यालाच सांगून ठेव. यावल अभयारण्याच्या हद्दीत शिरायचं तर वनविभागाची परवानगी हवी, आणि वनरक्षक 'आज नको' म्हणाला तर हुज्जत घालू नकोस. तो रात्रभर जाळरेषेवर, म्हणजे आग अडवायला मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर, ओल्या फांद्या घेऊन उभा असेल. नवी आग दिसली तर वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळव, जवळचा पाडा किंवा नाल्याचं नाव सांगून.

एक गोष्ट मनाला लागली म्हणून लिहितो. फोटोखाली तू 'आदिवासी मुद्दाम जाळतात' असं लिहिलं होतंस. ते पुसून टाक. मोहाखालचा पाचोळा जाळतात हे खरं, कारण पहाटे पडलेलं फिकं फूल काळ्या जमिनीवर चटकन दिसतं. तेंदूला नवी पालवी यावी म्हणून, गुरांना कोवळं गवत मिळावं म्हणूनही कुणी काडी लावतं. कधी ती हाताबाहेर जाते. पण रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीतून पडलेली विडी, सहलवाल्यांची चूल आणि शेताच्या बांधावरची पेटवण यांचा हिशोब कोण मांडणार? आणि वणवा लागला की पाड्यावरचीच माणसं आधी धावतात. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं स्वतःचे नियम करून उजाड डोंगरावर जंगल परत आणलं. त्यासाठी झटलेल्या चैत्राम पवारांना 2025 साली पद्मश्री मिळाली. तिथे एकदा जा, सायकल टेकवून ऐकत बस.

जामन्याची वाट कुठे जात नाही. दोन-तीन पाऊस पडले की मीही येतो, गारबर्डी धरणाकडून वर चढू. या रविवारी मात्र मी सकाळी सहाला सावद्याच्या स्टँडवर थांबतो. केळीच्या बागांमधून चांगदेवला जाऊ, तापी-पूर्णेच्या संगमावर. तिथून सातपुडा समोर दिसतो. धूर कुठे वाकलाय ते तू मला सांगायचं.

पंपाची पिन मागच्या वेळी तुझ्याकडेच राहिली आहे, आठवणीनं आण.

तुझा,
काका