‘के’ एकच्या वर गेला, तरी अणुभट्टी उडत का नाही?

प्रश्न : सर, पॉवर वाढवायची तर के १ च्या वर न्यावाच लागतो. मग साखळी प्रक्रिया हाताबाहेर का जात नाही? नोट्समध्ये ‘डिलेड न्यूट्रॉनमुळे’ एवढंच लिहिलंय. (एम.एस्सी. फिजिक्स, औंध)

नोट्समधलं उत्तर बरोबर आहे, पण तेवढ्यावर पाचांपैकी दोनच मार्क मिळतील. के म्हणजे एका पिढीतल्या दर न्यूट्रॉनमागे पुढच्या पिढीत किती न्यूट्रॉन येतात, तो आकडा. कॅल्क्युलेटर काढ. साध्या पाण्याच्या भट्टीत न्यूट्रॉनच्या एका पिढीचं आयुष्य साधारण ०.०००१ सेकंद, म्हणजे सेकंदाला १०,००० पिढ्या. के = १.००१ धर आणि त्याचा १०,००० वा घात काढ. जवळजवळ २२,००० येतात. एका सेकंदात पॉवर बावीस हजार पट! ऑपरेटरचा हात बटणापर्यंतही पोचायचा नाही.

पण युरेनियम-२३५ च्या विखंडनातले सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन मागाहून येतात, तेच डिलेड न्यूट्रॉन. ब्रोमीन-८७ सारखा तुकडा आधी बीटा क्षय पावतो, मग न्यूट्रॉन सुटतो. त्याचं अर्धायुष्यच ५५ सेकंदांचं. पंगतीतली सगळी पानं उठली तरी शेवटचे आजोबा सावकाश ताक भुरकत बसतात आणि पुढची पंगत अडते, तसंच हे. या उशिरा येणाऱ्यांना धरल्याशिवाय के १ च्या पुढे जातच नाही, म्हणून याच १.००१ ला पॉवर २.७ पट व्हायला मिनिटभर लागतो. मात्र रिॲक्टिव्हिटी, म्हणजे के १ च्या किती वर आहे ते माप, ०.००६५ च्या वर गेली, की आजोबांसाठी कुणी थांबत नाही. पेपरात हे वाक्य तुझ्या शब्दांत नक्की लिही.

प्रश्न : स्लॅबच्या (सपाट पाटीसारख्या भट्टीच्या) गणितात फ्लक्स (न्यूट्रॉनचा प्रवाह) कडेवर शून्य धरायचा की कडेच्या बाहेर? (तोच विद्यार्थी)

बाहेर, ०.७१ गुणिले ट्रान्सपोर्ट मुक्तपथ (टकरींची दिशा धरून काढलेलं, न्यूट्रॉनचं दोन टकरींमधलं सरासरी अंतर) एवढ्या अंतरावर. कडेतून न्यूट्रॉन बाहेर पडत असतात, मग तिथे फ्लक्स शून्य कसा असेल? भट्टी मोठी असेल तर हे अंतर सोडून दे, पण सोडलंय असं लिही.

प्रश्न : भट्टी बंद केली की झेनॉन कमी व्हायला हवा. आलेखात तो वाढताना का दाखवतात? (बी.टेक. मेकॅनिकल, शिवाजीनगर)

गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आण. वरून आयोडीन-१३५ चं पाणी पडतंय. खाली दोन तोट्या आहेत : एक झेनॉनच्या स्वतःच्या क्षयाची, दुसरी न्यूट्रॉन गिळून संपण्याची. भट्टी बंद झाली की दुसरी तोटी बंद, वरची धार मात्र चालूच. आयोडीनचं अर्धायुष्य ६.६ तास, झेनॉनचं ९.१, म्हणून टाकी आधी भरते. जास्त फ्लक्सच्या भट्टीत शिखर दहा-अकरा तासांनी येतं. झेनॉन-१३५ चा शोषण छेद, म्हणजे न्यूट्रॉन गिळण्याच्या शक्यतेचं माप, सुमारे २६ लाख बार्न (छेदाचं एकक), युरेनियम-२३५ चा ६८० च्या आसपास. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत नैसर्गिक युरेनियम असतं, त्यामुळे राखीव रिॲक्टिव्हिटी बेताचीच. अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा सुरू केली नाही, तर साठलेला झेनॉन ओसरेपर्यंत दीड दिवस हातावर हात ठेवून बसायचं. उत्तरपत्रिकांत माझ्या नजरेला सतत पडणारी चूक मात्र वेगळीच : लॅम्डा (क्षयाचा स्थिरांक) तासांत, फ्लक्स सेकंदांत, आणि दोन्ही एकाच समीकरणात!

प्रश्न : मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. अणु अभियांत्रिकीची पदवी नसल्याने भाभा केंद्राचा रस्ता बंद झाला का? (एक वडील, सहकारनगर)

अजिबात नाही. १९५७ मध्ये सुरू झालेली त्यांची प्रशिक्षण शाळा मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकलचे पदवीधर घेते आणि रिॲक्टर फिजिक्स तिथल्या वर्षभराच्या अभ्यासक्रमात शिकवते. गेट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर किंवा त्यांची ऑनलाइन परीक्षा, मग मुलाखत. नियम त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहा. एम.टेक.च करायचं तर आयआयटी कानपूरला या विषयाचा अभ्यासक्रम आहे.

आत्ता न्यूट्रॉनच्या मागे धावण्यापेक्षा तिने उष्णता वहन पक्कं करावं. भट्टी बंद केल्याक्षणी क्षय उष्णता (विखंडनातल्या तुकड्यांच्या क्षयातून निघत राहणारी) पूर्ण पॉवरच्या सहा-सात टक्के असते. २,००० मेगावॅट औष्णिक भट्टी धरली, तर १२० मेगावॅटच्या वर. पंप बंद पडलेत असं समजून ही उष्णता पाण्याच्या नैसर्गिक अभिसरणाने कशी काढशील, हे तिला वहीच्या एका पानात मांडायला सांगा.