सरपंचाला मत, मग मुख्यमंत्र्याला का नाही?

प्रिय सई,

रविवारी फोनवर आजी म्हणाली, "सरपंचाला मी स्वतः मत दिलं." तू लगेच विचारलंस, "मग मुख्यमंत्र्याला का नाही देत? आम्ही इथे अमेरिकेत राज्याचा प्रमुख, म्हणजे गव्हर्नर, निवडतोच की!" प्रश्न नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

विधानसभेला आजी मत देते ते तिच्या मतदारसंघातल्या आमदारकीच्या उमेदवाराला. असे २८८ आमदार निवडून येतात आणि त्यांचं बहुमत, म्हणजे १४५ जण, ज्याच्या पाठीशी, तो मुख्यमंत्री. पाठिंबा गेला की खुर्ची गेली. दिल्लीतही तेच. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाला २६९ मतं पडली, विरोधात २७०. एका मताने सरकार पडलं.

तुमच्या राष्ट्राध्यक्षाचं तसं नसतं. तिथली संसद, म्हणजे काँग्रेस, विरोधात गेली तरी तो चार वर्षं राहतो. महाभियोगाने काढायचं तर सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहात, दोन तृतीयांश मतं लागतात, आणि सिनेटने आजवर एकाही राष्ट्राध्यक्षाला पदावरून काढलेलं नाही. खर्चावरून दोघांचं जमलं नाही की कारभारच अडतो. डिसेंबर २०१८ पासून सरकारचा मोठा भाग ३५ दिवस बंद होता. भारतात लोकसभेने अर्थसंकल्प फेटाळला तर सरकारलाच पायउतार व्हावं लागतं.

आपल्याकडे ही पद्धत विचार करून घेतलेली आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेब आंबेडकरांनी दोन्ही पद्धती शेजारी ठेवून दाखवल्या. सरकार स्थिर हवं आणि जबाबदारही हवं, पण दोन्ही सारख्या प्रमाणात मिळत नाही. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, ब्रिटिश, म्हणजे संसदीय, पद्धतीत जबाबदारी जास्त. निवडणुकीत मतदार ठरावीक काळाने हिशेब घेतात. संसदीय पद्धतीत त्याशिवाय सभागृह रोजच्या रोज घेतं. भारताला हा रोजचा हिशेब जास्त गरजेचा आहे, असं त्यांचं मत होतं.

तो हिशेब दिसतो कसा? विधानसभेत प्रश्नोत्तराचा तास असतो. एखादा आमदार तारांकित प्रश्न टाकतो: अमुक तालुक्यात शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, कधी भरणार? मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. उत्तर गुळमुळीत असेल तर उपप्रश्न येतात. शिवाय लक्षवेधी असते, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना. अमेरिकेत मंत्र्याला काँग्रेसचं सदस्यच होता येत नाही. समितीने बोलावलं की तो साक्षीला येतो.

याची किंमतही आपण मोजली आहे. २३ नोव्हेंबर २०१९ ला सकाळी देवेंद्र फडणवीसांचा शपथविधी झाला, २६ तारखेला राजीनामा, २८ ला उद्धव ठाकरेंचा शपथविधी. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार फुटले आणि एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. एकाच विधानसभेतून तीन मुख्यमंत्री! आजी तेव्हा फार चिडली होती, आणि तिचं चिडणं मला पटतं. मत मागताना एकाबरोबर आणि नंतर दुसऱ्याबरोबर, हा मतदाराचा अपमान आहे.

सरपंचाचं तर आपल्याच राज्यात एकमत नाही. २०१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. गावापुरती ती मला योग्य वाटते, कारण ग्रामसभेत अख्खं गाव सरपंचाला तोंडावर विचारू शकतं. सगळा महाराष्ट्र एका मैदानात बसू शकत नाही. तिथे आपल्या वतीने आमदारानेच विचारायला हवं. म्हणून राज्यासाठी मी बाबासाहेबांच्या बाजूची. पण अधिवेशनं आटोपती घेतली, गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाया गेला, तर जबाबदारीही नाही आणि स्थैर्यही नाही, अशी गत होते. मला खरी काळजी त्याची वाटते.

हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला भरतं आणि कामकाज ऑनलाइन दिसतं. तुझ्या सुट्टीत एक दिवस आपण दोघी प्रश्नोत्तराचा तास पूर्ण बघू. आधी आजीच्या आमदाराने कोणते प्रश्न टाकलेत, ते शोधून ठेव.

तुझी,
आई